कृष्णाकाठचे ओढे आणि पाण्याची परतीची वाट

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिल्या दोन वाक्यांत 'आयर्विनला किती झालं?' हे येतंच. सांगली आणि सांगलवाडीला जोडणारा कृष्णेवरचा हा आयर्विन पूल १९२९ सालचा, आणि नदीची पातळी त्याच्यावरच्या पट्टीवर मोजतात. त्याच्यावरची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर हा आकडा दर तासाला मोबाईलवर फिरतो. आकडा खरा आहे आणि कामाचाही आहे. पण भिलवडीच्या मागच्या रानात किंवा डिग्रजच्या एखाद्या वस्तीत पाणी कधी शिरणार, हे पुलावरच्या पट्टीवरून कळत नाही, ते शिवारातल्या ओढ्यावरून कळतं. पूर येऊन गेल्यावर काही वर्षांनी तेच रान पांढरं का पडायला लागतं, याचंही उत्तर बहुतेक वेळा त्याच ओढ्यात सापडतं. म्हणून इथं नदीबद्दल कमी आणि ओढ्यांबद्दल जास्त लिहितोय.

आधी जमिनीचा आकार. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा वाईवरून खाली येते, साताऱ्याजवळ संगम माहुलीला तिला वेण्णा मिळते, पुढे उरमोडी, तारळी आणि कराडला कोयना. प्रीतिसंगमावर उभं राहिलं की दिसतं, दोन नद्या समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र पूर्वेला वळतात. तिथपर्यंत डोंगर नदीच्या जवळ असतात. कराडच्या खाली खोरं पसरतं, उतार मंदावतो आणि नदी वळणं घ्यायला लागते. रेठरे, बहे, बोरगाव, नागठाणे, औदुंबर, भिलवडी, ब्रह्मनाळ, डिग्रज, सांगली हा सगळा पट्टा नदीनं आणून टाकलेल्या गाळावर बसलाय. ब्रह्मनाळला डावीकडून येरळा येऊन मिळते, सांगलीच्या खाली हरिपूरला उजवीकडून वारणा आणि त्याच्याही खाली नृसिंहवाडीला पंचगंगा.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार लागते, तिथला काठ नदी खाते. आतल्या अंगाला पाणी संथ होतं, तिथं गाळ बसून मळी तयार होते. हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट वेगळी आहे. पुराचं पाणी पात्राबाहेर पडलं की त्याचा वेग एकदम मोडतो. मग जाड गाळ आणि बारीक वाळू लगेच काठावरच बसते. बारीक चिकण गाळ पाण्याबरोबर पुढं जातो आणि लांब जाऊन बसतो. शेकडो वर्षं असं होत राहिल्यानं ऐन काठाची कड उंच झाली आणि तिच्या मागचं रान खोलगट राहिलं. कडेची माती पोयट्याची, भुसभुशीत, पाणी लगेच सोडणारी. मागची काळी, खोल, चिकट, पाणी धरून बसणारी. फरक थोड्याच फुटांचा असतो, नुसत्या डोळ्यानं कळत नाही. दुर्बीण लावून लेव्हल घेतली की कळतो, किंवा पूर आल्यावर कळतो.

या आकारामुळे पूर पुढच्या दारानं क्वचितच येतो, तो परसदारानं येतो. नदी चढायला लागली की ती आधी ओढ्याच्या तोंडातून आत शिरते आणि ओढ्याचं पाणी उलटं वाहायला लागतं. काठावरचं देऊळ कोरडं असतं, त्याच्यापुढची वाट कोरडी असते, आणि अर्धा किलोमीटर मागं असलेल्या उसात गुडघाभर पाणी असतं. तिथून ते खोलगट भागात पसरतं आणि गावाला मागून वेढतं. जुनी गावठाणं उंचवट्यावर बसवलेली आहेत, म्हणून गाव बुडायच्या आधी त्याचा रस्ता बुडतो. सांगली शहरातही हाच प्रकार. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता या भागांत धोका पातळीची वाट न बघता पाणी येतं, कारण ती जागाच सखल आहे आणि नाल्यांना जोडलेली आहे. एरवी शहराचं सांडपाणी नदीत नेणारा शेरीनाला पुरात नदीचं पाणी शहरात आणतो.

म्हणून प्रत्येक शिवारानं आपली स्वतःची पट्टी करावी. खर्च एका रंगाच्या डब्याचा. ओढा जिथं नदीला मिळतो तिथून वर येताना लागणारी पहिली मोरी किंवा पूल बघायचा आणि त्याच्या भिंतीवर फुटाफुटावर खुणा करायच्या. पावसाळ्यात ज्या तासाला ओढ्याची धार थांबते आणि पालापाचोळा, केंदाळ उलट्या दिशेनं वर यायला लागतं, त्या तासाचा आयर्विनचा आकडा वहीत लिहायचा. मग पाणी मोरीच्या छताला लागलं तेव्हाचा, पाणंद बुडाली तेव्हाचा, पहिल्या सरीत शिरलं तेव्हाचा. दोन-तीन पुरांच्या नोंदी झाल्या की आपल्या रानाचा हिशोब जवळपास हातात येतो. यात एक गोम आहे. वरच्या गावाला पाणी आधी चढतं आणि आधी उतरतं, त्यामुळे भिलवडीची वेळ आणि आयर्विनची वेळ एक धरून चालत नाही. दुसरी गोम जास्त त्रासाची. वारणा आणि पंचगंगा फुगलेल्या असल्या की त्यांच्या पाण्यानं कृष्णेला फुगवटा येतो. पाऊस थांबलेला असतो, धरणाचा विसर्ग कमी झालेला असतो, आणि तरी सांगलीचं पाणी इंचाइंचानं उतरतं. अशा पुरात उंची तीच, पण मुक्काम लांबतो. आणि पिकाचं मरण उंचीइतकंच मुक्कामावरही ठरतं.

धरणाच्या बातम्या वाचताना एक छोटं गणित डोक्यात ठेवलं तर घबराट कमी होते. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, म्हणजे सुमारे २८ लीटर. ११,५७४ क्युसेक विसर्ग चोवीस तास चालला की १ टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, पाणी खाली जातं. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी, वारणेवरच्या चांदोलीची ३४.४०. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडले अशी बातमी आली, तर पात्रातल्या पाण्यावर त्याचा फरक किरकोळ असतो. दरवाजे काही फुटांनी उचलून पन्नास हजारांच्या घरात आकडा गेला, की ते दिवसाला चार टीएमसीच्या वर झालं, आणि त्यात धरणाच्या खालच्या पाणलोटाचा पाऊस वेगळा. हे पाणी सांगलीला पोचायला दिवसभराहून जास्त वेळ लागतो. तेवढी मुदत हातात असते, जनावरं आणि मोटरी हलवायला. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीचा वाद दर पावसाळ्यात पेटतो आणि पेपरातली पानं भरतात. तो मोठ्यांचा विषय, चालू द्या. आपल्या ओढ्याची मोरी आपल्याच गावात आहे.

मोटरींचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो की नदीला पूर येतो हे माहीत असताना मोटर काठावर वर का बसवत नाहीत. सेंट्रिफ्यूगल पंप पाणी वर ओढतो तो हवेच्या दाबावर. कागदावर ही मर्यादा १० मीटरच्या आसपास, पण आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यात फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या टोकाची झडप), बेंड आणि पाईपातलं घर्षण. प्रत्यक्षात सहा मीटरच्या पुढं खात्री नाही. म्हणजे उन्हाळ्यात पाणी तळाला असताना मोटर पाण्यापासून वीस फुटांच्या आतच हवी. पुरात पाणी त्याच्या दुपटीहून जास्त चढतं. त्यामुळे दरडीतल्या टप्प्यावर बसवलेली मोटर पावसाळ्यात उचलावीच लागते. त्याला पर्याय दोन. एक, जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी आत घेणारी काठावरची खोल विहीर, घेऊन त्यात सबमर्सिबल टाकायची. खर्च मोठा, म्हणून हे सहसा पाणीपुरवठा संस्थाच करतात. दुसरा, दरडीवर तिरपे रूळ टाकून मोटर गाड्यावर ठेवायची आणि पाणी चढेल तशी वर ओढायची. याला डिलिव्हरीच्या पाईपला दर काही फुटांवर जोड ठेवावे लागतात.

उचलायचा क्रम ठरलेला आहे आणि तो चुकला की नुकसान होतं. आधी वरच्या खांबावरून फ्यूज काढायचे. नुसता स्टार्टर बंद करून कामाला लागायचं नाही. मग स्टार्टरची पेटी आणि केबल सोडवून वर न्यायची, कारण घाईत तीच खाली राहते. नंतर डिलिव्हरीचा फ्लँज, मग सक्शनचा, शेवटी फाउंडेशनचे बोल्ट. नट लगेच त्याच बोल्टवर परत चढवून ठेवायचे, नाहीतर ऑक्टोबरमध्ये त्याच मापाचे नट शोधत फिरावं लागतं. तिपाई उभी करून चेनकप्पीनं मोटर उचलायची. दरड ओली असेल तर तिपाईच्या पायाखाली फळ्या घालायच्या. ट्रॅक्टरनं दोर बांधून थेट ओढायचा मोह होतो, त्यात पंपाचं कास्टिंग दगडावर आपटून फुटतं. आणि मोटर बुडालीच, तर पाणी उतरल्यावर ती वाळली आहे असं बाहेरून बघून चालू करायची नाही. वाइंडिंगमध्ये ओल आणि बेअरिंगमध्ये गाळ असतो. चालू केली की जळते. खोलून, धुऊन, भट्टीत किंवा कडक उन्हात वाळवून, मेगरनं इन्सुलेशन तपासून, बेअरिंग बदलून मगच जोडायची. आणखी एक. औदुंबर-भिलवडी पट्ट्यात मगरी आहेत. हिवाळ्यात मळीवर उन्हाला पडलेल्या दिसतात आणि उन्हाळ्यात काठाच्या मऊ मातीत अंडी घालतात. फूटव्हॉल्व्हला अडकलेला कचरा काढायला कडूसं पडल्यावर एकट्यानं उतरू नये.

पाणी उतरताना काठ ढासळतो, चढताना तितका नाही. पुरात दरडीची माती आठवडाभर भिजून जड होते, पण समोरच्या पाण्याचा टेका असतो. नदी झपाट्यानं उतरली की टेका जातो आणि मातीच्या आतलं पाणी मात्र तितक्या लवकर बाहेर पडत नाही. मग कडेपासून काही फूट आत काठाला समांतर भेग पडते आणि अख्खा तुकडा खाली बसतो. अशी भेग दिसली की तिच्या नदीकडच्या बाजूला बैलगाडी, ट्रॅक्टर, जनावर काही न्यायचं नाही. पायथ्याची वाळू उपसलेली असेल तर हे हमखास होतं, कारण दरडीचा पायच काढून घेतलेला असतो. वीटभट्टीसाठी कडेची पोयट्याची माती नेणं म्हणजे नदीनं बांधून दिलेली उंच कड आपल्या हातानं उतरवणं. तिथून पुढच्या पुरात पाणी सरळ आत येतं. कडेला बांबू, करंज, निरगुडी ठेवावी, आणि शेवटची सरी कडेपासून चांगली लांब सोडावी. सरीचं पाणी कडेत मुरलं की भेग पाडायला पुराची गरज उरत नाही.

उसाबद्दल लोक विचारतात, किती दिवस तग धरतो. पोंगा, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांची सुरळी, पाण्याच्या वर राहिला तर ऊस बरेच दिवस उभा राहतो. पोंग्यात गढूळ पाणी जाऊन गाळ बसला की शेंडा कुजतो. मग खालच्या डोळ्यांना पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात, कांड्यांना मुळ्या सुटतात आणि साखर उतरत जाते. असा ऊस तोडणीत आधी घालवावा, उभा ठेवून काही मिळत नाही. सोयाबीनला दोन-तीन दिवसांचं साचलेलं पाणीही पुरतं. हळदीला गादीवाफा असला तरी मुळाशी पाणी थांबलं की कंदकूज लागते. हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, ती तिथल्या मातीची घट्ट कोरडी पोत बघूनच खणलेली. २००५ च्या पुरात त्यांतल्या अनेकांत पाणी शिरलं.

आता ओढा. नदीकाठचा ओढा पावसाळ्यात वरच्या माळाचं पाणी आणतो आणि वर्षभर काळ्या रानाचा पाझर बाहेर नेतो. दुसरं काम लोक विसरतात, कारण ते दिसत नाही. गावनकाशात ओढ्याची जी रुंदी आहे ती आज जागेवर क्वचित मिळते. दोन्ही बाजूंनी दरसाल नांगराचा एक-एक तास वाढत येतो, बांधाची माती ओढ्यात ढकलली जाते, मध्ये बाभळी आणि पाणकणीस माजतं. मग कुणीतरी पलीकडच्या रानात जायला दोन ह्यूम पाईप टाकून वर मुरूम पसरतं. आता हिशोब करा. एका ओढ्याचं पाणलोट समजा एक चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे २४७ एकर. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस पडला आणि त्यातलं ४० टक्केच पाणी वाहून आलं, तरी सेकंदाला साडेपाच घनमीटर, म्हणजे १९५ क्युसेकच्या आसपास पाणी येतं. दोन फूट व्यासाचा पाईप पूर्ण भरून, सेकंदाला दोन मीटर वेगानं वाहिला, तर साधारण २० क्युसेक नेतो. दोन पाईप, ४० क्युसेक. उरलेलं दीडशे क्युसेक वरच्या रानात तुंबतं किंवा मुरमाचा भराव फोडून खालच्या रानात घुसतं. मग दोन शेजाऱ्यांची तहसीलला तारीख लागते. तिथं मोरी नको, पाणी अंगावरून जाऊ देणारी फरशी हवी. बुडते, तासाभरानं उघडी पडते, आणि काही फुटत नाही.

नदीवरच्या बंधाऱ्यांचाही या ओढ्यांशी संबंध आहे. बहे, नागठाणे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ अशी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची रांग आहे. दगडी किंवा काँक्रिटचे खांब, त्यांना खाचा आणि खाचांत बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या. पावसाळा संपून विसर्ग कमी झाला की बर्गे घालायचे आणि जूनच्या आत काढायचे. लाकडी बर्ग्यांच्या दोन ओळी घालून मध्ये चिकण माती ठोकायची पद्धत होती. लोखंडी बर्ग्यांना रबराची पट्टी लागते आणि ती फाटली की रात्रंदिवस गळती. बर्गे चोरीला जातात, खालचे गाळात रुतून बसतात. वेळेत निघाले नाहीत तर पहिल्या पुराचा कचरा त्यांना अडकतो, पाणी बंधाऱ्याला वळसा घालून कडेचा भराव खातं. हे सगळे जाणतात. पण बंधारा भरलेला असताना त्याच्या फुगवट्यातल्या ओढ्यांची तोंडं नोव्हेंबर ते मे पाण्याखाली राहतात, याच्याकडे लक्ष जात नाही. ज्या काळात रानानं पाझर सोडायचा, त्याच काळात पाझराची वाट भरलेली. काठाला पाणी हवं म्हणून बंधारा, आणि त्याच पाण्यानं मागच्या खोलगट रानाची भूजलपातळी वर. बंधारे काढा असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पण निचऱ्याची पातळी ठरवताना बंधाऱ्याची भरलेली पातळी धरावी लागते, आणि ती बहुतेक वेळा धरली जात नाही.

यातून क्षारपड येते. मिरज, वाळवा, पलूस, तासगाव तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना हे नवीन नाही. नदीचं पाणी गोड असतं, तरी त्यात लीटरमागे ३०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार धरले तर उसाला वर्षात एक मीटर उंचीचं पाणी दिल्यावर एकरात सुमारे १,२०० किलो क्षार येतात. पाटानं आणि सरीनं भरमसाट देणारे याच्या दुप्पट पाणी देतात. निचरा चालू असेल तर हे क्षार खाली धुऊन ओढ्यानं निघून जातात. निचरा बंद असेल तर भूजल वर येतं, आणि काळ्या मातीत ते जमिनीच्या चार-पाच फुटांच्या आत आलं की बारीक छिद्रांतून चढून पृष्ठभागावर सुकतं. पाणी उडून जातं, क्षार राहतात. आधी सरीच्या माथ्यावर पांढरी साय दिसते, मग उगवण तुरळक होते, मग लव्हाळा सोडून काही राहत नाही.

काय झालंय ते ओळखल्याशिवाय पैसा घालू नये. मातीचे नमुने एक-एक फुटाच्या थरानं तीन फुटांपर्यंत घ्यायचे, नुसत्या वरच्या मातीचा रिपोर्ट फसवतो. क्षारता ४ (डेसिसायमन प्रति मीटर) च्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेलं, सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. क्षारता ४ च्या आत, पण सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. दोन्ही वाढलेलं असेल तर क्षारयुक्त-चोपण. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घेऊन त्यात सुकलेलं ढेकूळ अलगद सोडा. चार तासांनी पाणी निवळलं तर बरं. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग राहिला आणि दुसऱ्या दिवशीही बसला नाही, तर माती चोपण आहे. भूजल बघायला रानात दोन मीटर खोल भोक पाडून भोकं पाडलेला दोन इंची पाईप उभा करा, त्याला कापड गुंडाळा, आणि मे व ऑक्टोबरमध्ये काठी घालून पाणी मोजा.

चोपण जमिनीला जिप्सम टाकलं की काम झालं, हा समज फार पसरलाय. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्यात जातो. तो पाण्याबरोबर बाहेर गेला तरच उपयोग. निचरा नसलेल्या रानात तो तिथंच फिरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात परत वर येतो. क्षारयुक्त पण चोपण नसलेल्या जमिनीला तर जिप्समची गरजच नसते, तिला नुसती धुवायची वाट हवी.

ती वाट म्हणजे भूमिगत निचरा. इथं कामाला सुरुवात नेहमी शेवटच्या टोकापासून करायची. ओढ्याचा तळ किती, बंधारा भरल्यावर तिथं पाणी कुठपर्यंत असतं, आणि आपल्या पाईपचं तोंड त्याच्या वर येतं का, हे आधी. येत नसेल तर ओढा खोल करा, किंवा तोंड आणखी खालच्या बाजूला न्या, किंवा शेवटी विहीर घेऊन पाणी उपसून टाकायची तयारी ठेवा. मग रानात ८० मिलिमीटरचे सच्छिद्र पीव्हीसी पाईप साधारण सव्वा मीटर खोलीवर घालतात. काळ्या खोल जमिनीत दोन ओळींतलं अंतर २५ मीटरच्या आसपास असतं. माती जास्त चिकट असेल तर कमी. पाईपला कापडी गाळण गुंडाळलेलं असतं, नाहीतर चिकण गाळ छिद्रं बुजवतो. हे पाईप मोठ्या, बिनछिद्राच्या मुख्य पाईपला मिळतात आणि मिळण्याच्या जागी तपासणीचा चेंबर असतो. चेंबरचा तळ पाईपच्या खाली फूटभर ठेवायचा, गाळ तिथं बसतो आणि बादलीनं काढता येतो. उतार शंभर फुटांना दीड ते तीन इंच. हा उतार दोरी लावून, अंदाजानं निघत नाही. लेझर लेव्हल किंवा दुर्बीण लागतेच. मध्ये दोन इंचांचा उलटा उतार आला की तिथं गाळ साचून मागचा सगळा पाईप मुका होतो. आणि वरून काहीच दिसत नाही.

खणायचं तोंडाकडून वर, म्हणजे चरात आलेलं पाणी आपोआप निघून जातं. जेसीबीला अरुंद बकेट लावून, रान सुकं असताना, एप्रिल-मेमध्ये. ओल्या रानात खणलं की चराच्या भिंती बकेटनं लिंपल्यासारख्या होतात आणि पाझर अडतो. पाईपवर आधी हातानं मऊ माती, मग यंत्रानं. मशीनचं चाक भरलेल्या चरावरून न्यायचं नाही. स्वस्तातला पर्याय मोल निचऱ्याचा आहे: ट्रॅक्टरनं बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा नांगर दीड-दोन फूट खोलीवरून ओढून मातीतच नळ पाडायचा, दर चार मीटरला एक. तो चिकण मातीतच टिकतो, वर सुकं आणि खाली वाफसा असतानाच पडतो, आणि दोन-तीन वर्षांनी परत पाडावा लागतो. एकट्याला करायचं असेल तर हा बरा. पाईपचं काम एकट्यानं करू नये. मुख्य पाईप दहा जणांच्या रानातून गेला तरच ओढ्यापर्यंत पोचतो, आणि मधल्या एकानं नाही म्हटलं की वरच्या सगळ्यांचं अडतं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या विषयावर काम झालंय. आराखडा करण्याआधी तिथं जाऊन यावं.

पाईप बसल्यावर पहिल्या पावसाळ्यात रानाला बांध घालून पाणी आत मुरू द्यायचं, चोपण असेल तर त्याआधी जिप्सम वरच्या सहा-आठ इंचांत मिसळायचं, धैंचा पेरून दीड महिन्यानं फुलावर आला की गाडायचा. आणि उसाचं पाणी कमी करायचं. निचरा केला म्हणून पाट मोकळा सोडला तर पाईप वर्षभर नदीचं पाणी नदीला परत देत बसतो, सोबत तुमचा युरियाही.

पाईपच्या तोंडाला लोखंडी जाळी आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं झाकण लावा. जाळी खेकड्यांसाठी आणि घुशींसाठी, झाकण पुरासाठी. ओढ्याचं पाणी चढलं की ते दाबानं बंद होतं, गाळ आत येत नाही. पूर उतरल्यावर रानात नांगर घालायच्या आधी ते झाकण हातानं उघडझाप करून बघा. बिजागरीत काडी अडकलेली असली तर ते उघडंच राहतं, आणि मग पहिल्या चेंबरपर्यंतचा गाळ काढायला पाईप खोलावा लागतो.